गाडी काय बघते आणि काय बघत नाही

दसऱ्याच्या आसपास शोरूममध्ये नवी गाडी ताब्यात देण्याचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात घेऊन फोटो. मग सेल्समन गाडी समजावून सांगतो. निम्मा वेळ सनरूफ उघडण्यात आणि फोन जोडण्यात जातो, आणि निघता निघता तो म्हणतो, “अ‍ॅडास आहेच साहेब, गाडी सगळं स्वतः बघते.” तोवर पुढच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार बांधून झालेला असतो. ज्या रडारच्या जोरावर ती ‘सगळं बघते’ तो बहुतेक गाड्यांत त्याच जाळीमागे किंवा खालच्या बंपरमध्ये असतो. घरी पोहोचेपर्यंत डॅशबोर्डवर रडार झाकला गेल्याचा पिवळा संदेश येतो आणि मालक पहिल्याच दिवशी असल्या संदेशांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

चार-पाच वर्षांपूर्वी हा प्रश्न मूठभर लोकांचा होता. 2021 मध्ये आलेल्या एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही 700 यांच्यापासून अ‍ॅडास, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या या यंत्रणा, मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या गाड्यांत दिसू लागल्या. नंतर होंडा सिटी, टाटा हॅरियर, ह्युंदाई व्हर्ना, क्रेटा अशी रांगच लागली. जाहिरातीत यांना ‘लेव्हल 2’ म्हणतात. शून्य ते पाच अशी ही श्रेणी आहे आणि दोनचा अर्थ इतकाच, की गाडी एकाच वेळी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळायला मदत करते, पण रस्त्यावर लक्ष ठेवण्याचं काम पूर्णवेळ चालकाचंच असतं. धडक झाली तर उत्तर द्यायलाही तोच उभा राहतो. तेव्हा विकत घेतलेल्या गाडीला कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही, हे नीट माहीत करून घेणं क्रमाने पहिलं. कुठलं बटण कधी चालू ठेवायचं, हे त्यावरच ठरतं.

गाडीला पुढचं दिसतं ते मुख्यतः दोन साधनांनी. आतल्या आरशामागे, काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. तो पट्टे, माणसं, गाड्या, वेगमर्यादेच्या पाट्या ओळखतो. दुसरा तो पुढचा रडार. तो समोरच्या वाहनाचं अंतर आणि आपल्या तुलनेत त्याचा वेग मोजतो. कॅमेऱ्याच्या अडचणी साधारण आपल्या डोळ्यांसारख्याच: संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना समोरून येणारं ऊन, मुसळधार पाऊस, धुकं, काचेवरचा चिखल. पण काही अडचणी आपण स्वतःच चिकटवतो. फास्टॅग नेमका कॅमेऱ्याच्या चौकोनासमोर लावलेला मी कितीतरी गाड्यांत बघितला आहे. त्याच्या शेजारी सोसायटीच्या पार्किंगचा स्टिकर, वर आरशाला लटकणारी माळ. बाहेरून उभं राहून आरशामागची काळी चौकट बघा आणि तिच्यासमोरचा काचेचा भाग मोकळा ठेवा. फास्टॅग थोडा बाजूला लावला तरी टोलवर वाचला जातो. रडारसमोर बाजारातून आणलेला स्टीलचा गार्ड, जास्तीचे दिवे, जाड स्टिकर काहीही नको. हार घालायचाच तर बोनेटवर घाला आणि पूजा झाल्यावर काढा.

आता जी गोष्ट शोरूममध्ये कुणीच सांगत नाही ती. वेगात असताना समोर उभ्या असलेल्या वाहनाच्या बाबतीत ही यंत्रणा सर्वात कच्ची असते. त्याला कारण आहे. रडारच्या दृष्टीने रस्त्यावरचा पूल, कमान, दिशादर्शक फलक, कठडा, खांब हे सगळं आपल्याच वेगाने आपल्याकडे येत असतं. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला असता तर गाडी चालवणंच अशक्य झालं असतं. म्हणून मोठ्या वेगात न हलणाऱ्या गोष्टींकडे सॉफ्टवेअर बरंचसं काणाडोळा करतं आणि कॅमेऱ्याच्या साक्षीवर अवलंबून राहतं. आपल्याकडे रात्री महामार्गावर बंद पडलेला ट्रक कसा उभा असतो ते आठवा: मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर धुळीने माखलेले, इशारा म्हणून दहा पावलांवर दोन दगड आणि झाडाची एक फांदी. कॅमेऱ्याला त्यात वाहन ओळखू येईलच असं नाही. जवळजवळ प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘थांबलेली वाहनं ओळखली जाणार नाहीत’ अशा अर्थाचं वाक्य असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ते शोधा आणि त्यासोबत वेगाचा कोणता आकडा दिलाय तेही बघा.

या अडचणीला अंतराचा हिशोब जोडून बघू. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच 42 मीटर संपतात. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी कचकन ब्रेक मारून थांबायला आणखी 55 मीटर घेते. एकूण शंभराच्या आसपास. पावसात हा आकडा सहज दीडशेच्या जवळ जातो. हेडलाइटच्या लो बीममध्ये एवढं लांबचं दिसत नाही. म्हणून रात्रीच्या अनोळखी रस्त्यावर वेग गाडीच्या क्षमतेवर ठरवायचा नाही, दिव्याच्या पल्ल्यावर ठरवायचा. ताशी 80 ला हेच अंतर 70 मीटरच्या आत येतं. नुसता वीसचा फरक, पण तीस मीटर वाचतात.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग आपोआप कमीजास्त करणारी सोय, माझ्या मते यातली सर्वात उपयोगाची आणि सर्वात जास्त गैरवापर होणारी. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात तिने उजव्या पायाला खरोखर आराम मिळतो. पण तिथेही तिच्या काही खोडी माहीत असाव्या लागतात. वळणावर रडारच्या नजरेतून पुढची गाडी सुटते, यंत्रणेला वाटतं रस्ता मोकळा झाला आणि ती वळणातच वेग वाढवते. पुढची गाडी अचानक लेन सोडून बाजूला गेली आणि तिच्यापुढे रांग थांबलेली असली, तर आधी सांगितलेला तो उभ्या वाहनाचा प्रश्न ऐन वेळी समोर येतो. अंतर सर्वात जास्त ठेवलं की मध्ये कुणीतरी शिरतो, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न वाजवतो. चिडून लोक अंतर सर्वात कमी करून ठेवतात. तसं करू नका. शिरतील त्यांना शिरू द्या.

‘रिझ्यूम’ बटणाकडे वेगळं लक्ष द्या. खालापूरच्या टोलवर थांबलात, निघाल्यावर सवयीने ते दाबलंत, तर गाडीला मघाचा 100 चा वेग आठवतो आणि ती तिथूनच जोर धरते, समोर अजून लेन एकत्र येत असल्या तरी. टोल, बाहेर पडायचा रॅम्प, फूड मॉलचं वळण यांच्या आधीच क्रूझ पूर्ण बंद करायचा, आणि पुन्हा सुरू करताना त्या क्षणाचा वेग नव्याने ठरवायचा. पाऊस पडत असताना क्रूझ नकोच. पाण्यावर चाकं तरंगायला लागली की पाय हळूच काढून घेणं हाच उपाय असतो आणि क्रूझ त्याच्या अगदी उलट वागू शकतो.

लेन राखणाऱ्या सोयीबद्दल मी जरा कडक आहे. द्रुतगती मार्ग आणि नवे चौपदरी महामार्ग सोडले तर ती बंद ठेवावी. तिला रंगवलेले पट्टे लागतात. आपल्या राज्यमार्गांवर ते एक तर नसतात, किंवा जुने-नवे दोन्ही एकावर एक दिसतात, किंवा काम चालू असलेल्या भागात डांबराचा जोडच पट्ट्यासारखा वाटतो. शिवाय आपण लेन मोडतो ती मौजेखातर नव्हे. डावीकडे सायकलवाला असतो, पुढे खड्डा असतो, उसाची ट्रॉली अर्धा रस्ता व्यापून चाललेली असते. तुम्ही इंडिकेटर न देता उजवीकडे घेतलंत की स्टिअरिंग हातात उलटं ओढ देतं. ती ओढ फार जोराची नसते, हाताने सहज मोडता येते. पण पहिल्यांदा अनुभवणारा माणूस दचकतो आणि खरा धोका त्या दचकण्यात असतो. एखाद्या मोकळ्या सकाळी, दुभाजक असलेल्या रिकाम्या रस्त्यावर ती ओढ मुद्दाम एकदा अनुभवून घ्या. आणि इंडिकेटर द्यायची सवय लावा. तो दिला की बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा गप्प बसते. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून ‘हात आहेत’ असं गाडीला भासवणारे रील सर्रास फिरतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यात शाई घालवत नाही.

आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र चालूच ठेवावा, अगदी लक्ष्मी रोडच्या किंवा दादरच्या गर्दीतसुद्धा. आडव्या आलेल्या दुचाकीमुळे तो कधी विनाकारण लागतो अशी तक्रार सगळ्यांचीच असते. सेटिंगमध्ये इशाऱ्याची वेळ ‘उशिरा’ अशी करता येते. शहरात ती तशी ठेवा, महामार्गावर परत ‘लवकर’ करा. पूर्ण बंद करायची वेळ फार क्वचित येते, उदाहरणार्थ गाडी टो करून नेताना. मोठ्या वेगात हा ब्रेक धडक टाळेलच असं नाही, पण धडकेचा वेग उतरवतो आणि जीव वाचायला कधी तेवढंही पुरतं. तो लागतो का हे बघायला कुणाला गाडीसमोर उभं करू नका. असे प्रयोग करणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात.

घाटात यातलं बहुतेक सगळं बाजूला ठेवायचं. क्रूझ बंद, लेन राखणं बंद. तिथे उपयोगाची गोष्ट जुनीच आहे: गिअर. लोणावळ्याहून बोर घाट उतरून खोपोलीला येताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. प्रवाशांसकट अठराशे किलोची गाडी धरली तर या उतरणीत अडीच युनिटांहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरचा दोन किलोवॉटचा गीझर तासाभराहून जास्त चालू ठेवावा इतकी उष्णता. त्यातली थोडी वाऱ्याशी आणि रस्त्याशी घासून जाते, उरलेली इंजिनने रोखली नाही तर ब्रेकच्या तबकड्यांत जाते. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीच्या चाकांतून जळका वास येतो तो त्यामुळेच. तबकड्या तापतात, ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी मऊ पडतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. म्हणून गाडी कमी फिरली असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांना घाटात ‘डी’वरून हाताने काय बदलायचं हेच माहीत नसतं. मॅन्युअल मोड, स्टिअरिंगमागचे पॅडल किंवा ‘एल’, जे असेल ते उतार सुरू होण्याआधी वापरा. इंजिनचा आवाज वाढला तर घाबरू नका, तो गाडी रोखून धरल्याचा आवाज आहे. अधूनमधून ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा. इलेक्ट्रिक गाडीत हेच काम रिजनरेशन करतं, म्हणजे उतारावरची ऊर्जा परत बॅटरीत भरतं. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत भरायला जागाच नसते आणि रोखण्याची ताकद कमी पडते. लोणावळ्यात जेवता जेवता गाडी 100 टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिथे 80 पुरे.

चढावर ट्रॅफिक जाम लागला की क्लच दोन असलेल्या, डीसीटी म्हणतात त्या, ऑटोमॅटिक गाड्यांची परीक्षा होते. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरली की क्लच तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या आणि ब्रेकवर थांबा. चढावर गाडी मागे जाऊ न देणारा हिल होल्ड तिला दोनेक सेकंदच धरतो. त्याच्या भरवशावर फोनकडे बघायचं नाही.

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिककडे आलेल्यांसाठी एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: डावा पाय कामाला लावायचाच नाही. गडबडीत तो क्लच समजून ब्रेकवर आदळतो आणि मागचा येऊन धडकतो. याहून वाईट प्रकार पार्किंगमध्ये होतो. मागे वळून बघत गाडी लावताना उजवा पाय सरकतो, ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, गाडी उसळते, आणि घाबरलेला माणूस तोच पाय अजून जोरात दाबतो. यावर उपाय म्हणजे टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकवून ठेवणं आणि पार्किंग करताना गाडी नुसत्या ब्रेकच्या सैल-घट्टपणावर सरकू देणं. जाड चप्पल, एकावर एक टाकलेले मॅट आणि सीटखालून घरंगळत ब्रेकखाली जाणारी पाण्याची बाटली, तिन्ही गाडीतून हद्दपार करा. ऑटो होल्डवर, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक लागून राहणाऱ्या सोयीवर, गाडी उभी असताना उतरायची घाई नको. आधी ‘पी’, मग पार्किंग ब्रेक, मग बेल्ट.

घरी उभ्या गाडीत बसून पुस्तिकेत दोन गोष्टी जरूर शोधा. एक, हँडब्रेकचं छोटं बटण चालत्या गाडीत ओढून धरलं तर काय होतं. बहुतेक गाड्यांत ते धरून ठेवलं तर आपत्कालीन ब्रेक लागतो, सोडलं की सुटतो. चालकाला भोवळ आली तर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात एवढंच असतं, तेव्हा त्यालाही दाखवून ठेवा. दोन, चालत्या गाडीचं इंजिन बटणाने बंद कसं करायचं. नुसतं एकदा दाबून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं किंवा पाठोपाठ अनेकदा दाबावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर अडकलाच तर ब्रेक एकदाच पूर्ण जोराने दाबून ठेवा, पुन्हा पुन्हा पंप करू नका, गाडी न्यूट्रलला टाका आणि कडेला घ्या. इंजिन त्यानंतर बंद करायचं, कारण ते बंद झालं की स्टिअरिंग जड होतं.

एबीएसबद्दलही एक गैरसमज अजून टिकून आहे. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारमध्ये तो सक्तीचा आहे, तरी पायाखाली पेडल थरथरलं की लोक घाबरून पाय काढतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. पाय अजून दाबायचा आणि अडथळा चुकवायला स्टिअरिंग वळवायचं. चाकं जाम होत नसल्यामुळे गाडी वळते. त्यासाठीच तर एबीएस असतो. खडीवर किंवा चिखलात मात्र थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही, उलट वाढू शकतं. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक लागेल, जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. ब्रेकचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबायचं.

दिवसाउजेडी पाऊस पडताना ‘ऑटो’वर ठेवलेले हेडलाइट बऱ्याच गाड्यांत लागतच नाहीत. समोरचे दिवसाचे बारीक दिवे लागलेले असतात, मागे मात्र अंधार. चालकाला वाटतं दिवे चालू आहेत. पावसात, धुक्यात आणि बोगद्यात शिरण्याआधी ते हाताने लावा. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकवत जाण्याची आपल्याकडची पावसाळी पद्धत बंद करा. मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय काहीच कळत नाही, कारण लेन बदलण्याचा इशारा द्यायला तुमच्याकडे काही शिल्लक राहत नाही.

एसी आणि काचेवरची वाफ घालवण्याची बटणंसुद्धा ज्या गाडीत पडद्याच्या आत गेली आहेत, त्या गाडीत निघण्याआधीच सगळं लावून ठेवा आणि आवाजी आज्ञा शिकून घ्या. इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसाठी खरीखुरी बटणं असावीत असा आग्रह आता युरोपातली गाड्यांना तारे देणारी युरो एनकॅप ही संस्थाही धरू लागली आहे. उशिरा का होईना.

शेवटी दुरुस्तीचं. पुढची काच बदलली की कॅमेरा काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि त्याचा कोन बारीकसा चुकला तरी शंभर मीटरवरची गाडी त्याला शेजारच्या लेनमध्ये दिसते. बंपरवर लांबी आणि रंगाचे थर चढले, गाडी उंच केली, मोठे टायर घातले, तरी रडारच्या नजरेत फरक पडतो. ब्लाइंड स्पॉटचे रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात आणि रिव्हर्स घेताना घासतात तेही नेमके तेच कोपरे. अशा कामानंतर कॅलिब्रेशन लागतं आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे त्याचं सामान सहसा नसतं. विम्याचा दावा करत असाल तर दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच कॅलिब्रेशनची वेगळी ओळ घालून घ्या, आणि ती बिलात नसेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा.